'टेम्पर' या शब्दाची प्रकृती

इंग्रजीत एखाद्याला राग आला म्हणजे त्याने 'टेम्पर लूज केला', अर्थात त्याचा टेम्पर हरवला, असे म्हणतात. त्याच माणसाविषयी दुसऱ्या दिवशी 'ही हॅज अ टेम्पर' असेही म्हणतात. म्हणजे त्याच्यापाशी टेम्पर आहे. हरवला तरी राग आणि असला तरी राग! शाळेत असताना मी हा प्रश्न इंग्रजीच्या मास्तरांना विचारला, तेव्हा त्यांचाच टेम्पर हरवला आणि मला बाकावर उभे राहावे लागले. उत्तर मिळाले ते पुष्कळ वर्षांनी, वैद्यकाच्या व्यवसायात पडल्यावर. आणि तेही इंग्रजीच्या पुस्तकातून नव्हे, तर एका अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बाईच्या तोंडून ऐकलेल्या एका शब्दाच्या मागे लागल्यावर. ती हकिगत पुढे येईलच.

'टेम्पर' हा मूळचा मिश्रणवाचक शब्द आहे, हे आज सांगूनही खरे वाटत नाही. लॅटिनमधील 'टेम्पेरारे' या क्रियापदापासून तो आला. इंग्रजीत मिसळण्याला शब्दांचा तोटा नाही. 'मिक्स' म्हणजे नुसते एकत्र करणे. 'ब्लेंड' म्हणजे घटक वेगळे ओळखू येऊ नयेत इतके एकजीव करणे. चहाच्या व्यापाऱ्यांनी हा शब्द आपल्या घराघरांत पोचवला आहे. 'टेम्पर'चा अर्थ या दोहोंहून निराळा आहे. एका पदार्थाची तीव्रता दुसऱ्याने मोडावी, अशा बेताने आणि अशा प्रमाणात मिसळणे, हा त्याचा आशय. मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे आणि तो आपल्या न्हाणीघरात आहे. कढत पाण्यात गार पाणी घालून ते अंगाला सोसेल असे करणे, याला आपण 'विसण घालणे' म्हणतो. रोमन माणूस कडक मद्यात पाणी घालून ते पिण्याजोगे करी, तेव्हा तो हेच करीत असे, आणि त्यालाच तो 'टेम्पेरारे' म्हणे.

म्हणजे 'टेम्पर' हे मनाचे नीट विसणलेले पाणी. ते हरवले की उरतो तो कढ. शेक्सपिअरच्या काळापर्यंत या शब्दाचा हा समतोलाचा अर्थ चांगला प्रचारात होता. पुढे 'वाईट टेम्पर', 'तापट टेम्पर' असे विशेषण लावून बोलता बोलता विशेषण गळून पडले आणि त्याचा दोष तेवढा नामाला चिकटला. 'लूज'मध्ये जुना अर्थ राहिला, 'हॅव'मध्ये नवा आला. माझ्या मास्तरांना हे ठाऊक असते तर माझा बाकावरचा अर्धा तास वाचला असता.

आता वैद्यकाकडे वळू. रोमन लोकांनी ही कल्पना ग्रीकांकडून घेतली. ग्रीकांचा शब्द 'क्रासिस'. अर्थ तोच, मिश्रण. ज्या रुंद तोंडाच्या भांड्यात ते मद्य आणि पाणी कालवीत त्याला 'क्रातेर' म्हणत. ज्वालामुखीच्या तोंडाला आणि चंद्रावरच्या खळग्यांना आपण 'क्रेटर' म्हणतो ते याच भांड्याच्या आकारावरून. आजच्या ग्रीक भाषेत तर मद्यालाच 'क्रासी' म्हणतात. हिपोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्यांनी मानवी शरीराकडे असेच एक भांडे म्हणून पाहिले. त्यात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त हे चार द्रव. ते योग्य प्रमाणात मिसळलेले असले की आरोग्य. एखादा वाढला, घटला किंवा इतरांपासून फुटून निराळा पडला की रोग. चांगल्या मिश्रणाला 'युक्रेसिया' आणि बिघडलेल्या मिश्रणाला 'डिस्क्रेसिया' अशी नावे मिळाली.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलनने या विषयावर तीन खंडांचा ग्रंथच लिहिला. लॅटिनमध्ये तो 'दे टेम्पेरामेंतिस' या नावाने ओळखला जातो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची १५१८ साली स्थापना करणारे टॉमस लिनेकर यांनी त्याचे लॅटिन भाषांतर केले आणि ते १५२१ साली केंब्रिजमध्ये छापले गेले. उष्ण, शीत, आर्द्र आणि रुक्ष या चार गुणांवरून गेलनने नऊ टेम्परामेंट सांगितली : एक समतोल, चार साधी आणि चार जोडीची. या ग्रंथातला एक विचार मला फार आवडतो. अतिउष्ण आणि अतिशीत, अतिमऊ आणि अतिकठीण यांच्या बरोबर मध्यावर जर काही असेल तर ती माणसाची त्वचा, आणि त्यातही तळहाताची, असे तो म्हणतो. जे स्वतः मध्यावर आहे तेच दोन्ही टोके पारखू शकते. थर्मामीटर सापडेपर्यंत आजही घरातली आजी आधी नातवाच्या कपाळावर तळवा ठेवते, त्या क्रियेला अठराशे वर्षांपूर्वीचे हे शास्त्र आहे.

ग्रीक ग्रंथ अरबीत गेले तेव्हा 'क्रासिस'साठी अरब पंडितांनी मिसळणे या अर्थाच्या धातूवरून शब्द योजला : 'मिज़ाज'. बाराव्या शतकात तोलेदो येथे क्रेमोनाच्या जेरार्डने इब्न सिनाचा 'अल्-कानून' लॅटिनमध्ये आणला, तेव्हा 'मिज़ाज'साठी त्याने 'कॉम्प्लेक्सिओ' हा शब्द वापरला. आतले मिश्रण कसे आहे हे चेहऱ्याच्या रंगावरून कळते अशी समजूत असल्यामुळे, पुढे या शब्दाचा अर्थच चेहऱ्याचा रंग असा झाला. आज 'कॉम्प्लेक्शन' उजळवण्याची क्रीम विकणाऱ्यांना आपण गेलनचे मिश्रण ट्यूबमध्ये भरून विकतो आहोत याची कल्पना नसेल.

दुसरीकडे हाच 'मिज़ाज' फारसीतून दख्खनेत आला आणि मराठीत त्याची 'मिजास' झाली. 'त्याला फार मिजास आहे', 'ही मिजास इथे चालायची नाही' ही वाक्ये आपण लहानपणापासून ऐकत आलो. यातल्या मिजाशीचा अर्थ ताठा, घमेंड. चार द्रवांच्या मिश्रणाची मराठीत घमेंड व्हावी आणि इंग्रजीत राग व्हावा, हा योगायोग विलक्षण आहे. दोन्ही भाषांनी समतोलाचा शब्द घेतला आणि तोल गेलेल्या माणसाला बहाल केला. उर्दूने मात्र मूळची अदब राखली. आमच्या हैदराबादेत जुन्या वळणाचे गृहस्थ अजून 'मिज़ाज शरीफ़?' असे विचारतात. आपण मराठी माणसे त्याच जागी 'प्रकृती कशी आहे?' किंवा 'तब्येत काय म्हणते?' असे विचारतो. 'तबीयत' हा अरबी शब्दही निसर्गसिद्ध स्वभाव याच अर्थाचा. म्हणजे प्रकृतीचे ते जणू भाषांतरच. रुग्णाचा खोकला तपासताना आपण ज्याला 'बलगम' ऐकतो, तो तर थेट ग्रीक 'फ्लेग्मा'चा अरबी अवतार आहे. सुलतान बाजारातल्या दवाखान्यात बसून मी रोज हिपोक्रेटिसची भाषा ऐकत होतो. फक्त मला ती ओळखू येत नव्हती.

ती ओळखता न आल्याची किंमत एकदा माझ्या एका रुग्णाला मोजावी लागली.

गोष्ट माझ्या व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांतली. जुन्या शहरातून एक गर्भवती तरुणी सासूबरोबर माझ्याकडे आली. पाचवा महिना, हिमोग्लोबिन सात. मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि न चुकता घ्यायला बजावले. महिन्याने त्या परत आल्या तेव्हा सासू म्हणाली, ''साब, गोली का मिजाज बहुत गरम है. बहू के मिजाज को नै जमता. पेट में आग लगारी बोलती.'' मी तेव्हा नवा होतो आणि नव्या डॉक्टरांच्या अंगी असते तेवढी मिजास माझ्याही अंगी होती. गोळ्यांना मिजाज नसतो, असल्या समजुती सोडा, असे काहीसे मी फटकारून बोललो आणि त्याच गोळ्या पुन्हा लिहून दिल्या. सासूने मान डोलावली. त्यानंतर ती दोघी आल्याच नाहीत.

पुढे एका रुग्णालयातून मला निरोप आला, तो प्रसूतीच्या रात्री. रक्तस्राव काही फार मोठा नव्हता. पण जिच्या अंगात मुळात रक्तच नाही तिला थोडाही पुष्कळ होतो. रक्ताच्या दोन बाटल्या मिळेपर्यंतचे ते तीन तास मी विसरलेलो नाही. मुलगी वाचली, बाळही वाचले. सकाळी सासूने मला वराड्यांत गाठून अगदी साधेपणाने सांगितले, ''हमने बोला था ना साब, गोली गरम है. हमने उसी दिन बंद करदी.'' तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी तिचे ऐकले नाही, म्हणून तिनेही माझे ऐकले नाही, इतकाच सरळ हिशेब.

आमच्या शेजारी एक निवृत्त हकीमसाहेब राहत. चारमिनारजवळच्या सरकारी युनानी दवाखान्यात त्यांची हयात गेली होती. मी संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन हा प्रकार सांगितला आणि विचारले, ''हकीमसाहेब, गोळीचा मिजाज म्हणजे नेमके काय?'' त्यांनी मला दोन तास बसवून घेतले. औषधाला, अन्नाला, ऋतूला, वयाला, प्रत्येकाला मिज़ाज असतो आणि तो रुग्णाच्या मिज़ाजाशी जुळवायचा असतो, हे त्यांनी सांगितले. मी थोडा वाद घालण्याच्या इराद्याने म्हणालो, की चारही गुण समसमान असलेला माणूस तुम्ही कधी पाहिला आहे काय? ते हसले. म्हणाले, ''डॉक्टर साहब, हा प्रश्न तुमच्याआधी शेख बू अली सिनांनी विचारला आहे.'' इब्न सिनाने स्पष्ट लिहून ठेवले आहे, की तराजूत तोलून समभाग असलेला मिज़ाज जगात असूच शकत नाही. वैद्य ज्याला समतोल म्हणतो तो वजनाचा नव्हे, वाटपाचा. ज्याला जितका वाटा मिळायला हवा तितका मिळाला, की तो समतोल. न्याय या अर्थाच्या 'अद्ल' या शब्दाशी त्याने ही कल्पना जोडली आहे.

आयुर्वेदाशी याचे साम्य कोणालाही दिसेल. पण ते दोन्ही एकच आहेत असे घाईने म्हणू नये. आपल्याकडे दोष तीन, आणि त्यांत वात आहे, जो ग्रीकांच्या चार द्रवांत नाही. शिवाय आपली आवडती उपमा मिश्रणाची नसून साम्याची आहे : धातुसाम्य, दोषसाम्य. त्यांचे चित्र एका भांड्याचे, आपले चित्र तराजूचे. 'प्रकृती'च्या उलट 'विकृती' हा शब्द आपण ठेवला, 'दुर्मिश्रण' असा ठेवला नाही.

त्या संध्याकाळनंतर मी शब्दकोश उघडला, आणि माझ्याच शास्त्राच्या परिभाषेत हा मिज़ाज ठिकठिकाणी दबा धरून बसलेला मला आढळला. 'टेम्परेचर' घ्या. लॅटिन 'टेम्पेरातुरा' म्हणजे यथाप्रमाण मिश्रण. उष्णतेचे माप हा अर्थ सतराव्या शतकातला. उष्णतामापक नळीला मोजपट्टी जोडून ती रुग्णासाठी वापरणारा पादुआचा वैद्य सांतोरिओ स्वतः गेलनपंथी होता. आपल्या उपकरणाचा उल्लेख त्याने १६१२ साली केला तोही गेलनच्या ग्रंथावरील भाष्यात. त्याला मोजायचा होता मिज़ाजच. १८६८ साली वुंडरलिच यांचा ज्वरमापनावरचा मोठा ग्रंथ आला तोवर मिश्रण विस्मृतीत गेले होते आणि आकडा तेवढा उरला होता. मराठीने 'तापमान' हा शब्द घडवताना मिश्रणाचा संबंधच ठेवला नाही. त्याने एक गंमत मात्र झाली. आपल्याकडे ताप म्हणजे उष्णता, ताप म्हणजे ज्वर आणि ताप म्हणजे त्रासही. तेव्हा 'तापमान किती?' हे तिन्ही अर्थांनी विचारता येते.

'डिस्टेंपर' हा शब्द मराठी घरांत दिवाळीच्या आधी उच्चारला जातो, आणि ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांच्याकडे पशुवैद्याच्या तोंडून. भिंतीचा रंग आणि कुत्र्याच्या पिल्लांचा जीवघेणा विषाणुजन्य रोग यांना एकच नाव कसे, हे कोडे वाटते. मूळ एकच आहे. रोगाच्या बाजूने त्याचा अर्थ बिघडलेले मिश्रण. रंगाच्या बाजूने पाण्यात आणि सरसात कालवलेले मिश्रण. अंड्याच्या पिवळ्या बलकात रंग कालवून चित्रे काढण्याच्या पद्धतीला 'टेम्पेरा' म्हणतात, तेही याच कुळातले.

'इडिओसिंक्रसी' या लांबलचक शब्दाची फोड केली तर त्यात 'क्रासिस' सापडतो : स्वतःचे असे खास मिश्रण. सामान्य इंग्रजीत त्याचा अर्थ विक्षिप्त लकब असा उतरला. वैद्यकात मात्र एखाद्यालाच एखादे औषध न सोसणे, हा अर्थ टिकला. प्रायमाक्वीनची गोळी शंभर जणांना सोसते आणि एकाच्या तांबड्या पेशी फुटतात, ही अशीच 'इडिओसिंक्रसी' मानली जाई. १९५६ साली त्यामागे एका विकराची जन्मजात कमतरता असल्याचे सिद्ध झाले. म्हणजे त्या माणसाचे मिश्रण खरोखरच निराळे होते. फक्त ते द्रवांचे नव्हते, जनुकांचे होते. 'गोली बहू के मिजाज को नै जमता' हे वाक्य औषधशास्त्राच्या परीक्षेत लिहिले तर नापास व्हावे इतके ते चुकीचे नाही.

आणि 'डिस्क्रेसिया'? रक्तविकाराच्या पुस्तकांत तो अजून आहे. प्लाझ्मा पेशींच्या विकारांना आपण तेच नाव देतो, आणि औषधाच्या वेष्टनातल्या बारीक अक्षरांच्या कागदावर 'ब्लड डिस्क्रेसिया' हा इशारा असतो. गंमत अशी, की ज्या सिद्धांतावर हा शब्द उभा होता तो केव्हाच कोसळला. व्हिएन्नाचे थोर विकृतिशास्त्रज्ञ रोकितान्स्की यांनी १८४६ साली रक्ताच्या 'क्रासिस'वरून सर्व रोगांची उपपत्ती लावण्याचा शेवटचा मोठा प्रयत्न केला. तरुण फिर्खोने त्याची अशी चिरफाड केली की रोकितान्स्कींनी तो भाग पुढच्या आवृत्तीतून काढून टाकला. १८५८ साली फिर्खोचे पेशी-विकृतिशास्त्र आले आणि भांड्यातले चार द्रव सांडून गेले. शब्द मात्र राहिले. डॉक्टरांची भाषा ही डॉक्टरांच्या शास्त्रापेक्षा नेहमी दोनचार शतके मागे असते, असे माझे मत आहे.

वैद्यकाबाहेरही हा शब्द पुष्कळ हिंडला. कुंभार मातीत वाळू, राख किंवा लीद मिसळतो, म्हणजे भांडे वाळताना आणि भाजताना तडकू नये. त्या मिसळलेल्या जिनसेला पुरातत्त्वज्ञ 'टेम्पर' म्हणतात. लोहार तापलेले पोलाद पाण्यात बुडवतो तेव्हा ते कठीण होते, पण ठिसूळही. पुन्हा बेताने तापवून त्यातला ठिसूळपणा घालवणे, हे 'टेम्परिंग'. इथे कशात काहीच मिसळलेले नाही. कठीणपणाला विसण घातले आहे, एवढेच. भारतीय इंग्रजीने तर हा शब्द थेट कढईत टाकला. पाककृतींच्या पुस्तकांत फोडणीला 'टेम्परिंग' म्हणतात. जो शब्द मूळ तीव्रता कमी करण्याचा, तो मोहरी-हिंगाच्या ठसक्यासाठी वापरलेला पाहून एखादा रोमन चक्रावून जाईल.

संगीतप्रेमींसाठी एक सांगायलाच हवे. हार्मोनियमचे स्वर 'टेम्पर्ड' असतात. सप्तकाचे बारा सारखे भाग केल्यामुळे कोणत्याही पट्टीत वाजवता येते. पण त्यासाठी जवळजवळ प्रत्येक स्वराला आपल्या नैसर्गिक जागेवरून थोडे सरकावे लागते. पेटीचा गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो, तो यामुळे. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद केले ते दीर्घकाळ बंदच राहिले, आणि १९७१च्या सुमारास किलकिले झाले. त्या वादात दोन्ही बाजूंचे टेम्पर वेळोवेळी हरवले, हे सांगायला नको.

त्या मुलीची गोष्ट अर्धीच राहिली. तीन वर्षांनी ती पुन्हा गर्भवती होऊन आली. सासू बरोबर होतीच. या वेळी मी आधी विचारले, ''अम्मा, गोली गरम पडती बोले थे ना, क्या क्या होता था?'' तिने सगळे सांगितले : पोटात जळजळ, शौचाला कडक, काळा रंग. यातले एकही लक्षण खोटे नव्हते; लोहाच्या गोळ्यांनी हे सारे होते आणि ते माझ्या पुस्तकातही लिहिलेले होते. मी म्हणालो, गोळी गरम आहे हे खरे. तर आपण तिला थंड जोड देऊ. सुरुवातीला एक दिवसाआड घ्यायची, रात्री झोपताना, आणि लिंबाच्या सरबताबरोबर. चहा आणि दूध मात्र त्या वेळी नको. लिंबातल्या 'क' जीवनसत्त्वाने लोह अधिक शोषले जाते हे मला ठाऊक होते, आणि लिंबू थंड असते हे तिला ठाऊक होते. दोघांचे काम एकाच पेल्यात झाले. मलशुद्धीसाठी इसबगोल सांगितले. तेही तिच्या मते थंडच.

आठव्या महिन्यात तिचे हिमोग्लोबिन साडेदहा भरले. मी तो कागद सासूपुढे धरला आणि आकडा वाचून दाखवला. तिने आकड्याकडे पाहिले नाही. सुनेचा हात हातात घेऊन तिने तळवा तिच्या गालाला लावला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, ''हौ साब, अब बराबर है.''